आपल्या बाजूचे पाप कोण सांगणार?



निवडणुका येतात आणि जातात. प्रचाराचे फलक उतरतात, रिक्षांवरचे कर्णे बंद होतात. पण त्या काळात घराघरांत उभ्या राहिलेल्या भिंती मात्र लवकर पडत नाहीत. रविवारच्या मिस्सेला एकाच बाकावर गुडघे टेकणारे दोन भाऊ पक्षाचा विषय निघाला की एकमेकांकडे परक्यासारखे पाहू लागतात. आपल्या पक्षाच्या माणसाने केले तर ती परिस्थितीची गरज. तेच समोरच्या पक्षाच्या माणसाने केले तर तो अन्याय! 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे' ही म्हण आपल्या पूर्वजांनी घरासाठी केली असेल, पण ती राजकारणाला अधिक लागू पडते.

निष्ठा हा सद्गुण आहे, यात शंका नाही. मित्राला संकटात सोडून जाणारा, आपल्या माणसांच्या अडचणीच्या वेळी पाठ फिरवणारा मनुष्य कोणालाच आवडत नाही. मग प्रश्न असा पडतो की, पक्षाशी किंवा गटाशी असलेली निष्ठा कोठपर्यंत सद्गुण राहते आणि कोणत्या टप्प्यावर ती असत्याची चाकरी बनते? आणि ज्यांची मते आपल्या अगदी उलट आहेत, त्यांच्यासोबत उभे राहता येईल अशी जमीन कोठे सापडते?

हा प्रश्न नुसत्या तर्काने सुटणारा नाही. म्हणून आज दोन फ्रेंच लेखकांची हकिगत आपणासमोर ठेवतो. एक कट्टर कॅथलिक आणि राजेशाहीचे समर्थक. दुसऱ्या ज्यू कुटुंबात जन्मलेल्या, डाव्या विचारांच्या तत्त्वज्ञ. दोघांची कधी भेट झाली नाही. पण एका पत्राने ते एकमेकांच्या जवळ आले.

एक राजनिष्ठ लेखक

जॉर्ज बर्नानोस हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. एका खेड्यातल्या तरुण, आजारी धर्मगुरूच्या रोजनिशीच्या रूपाने लिहिलेली त्यांची कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. परंतु बर्नानोस केवळ कादंबरीकार नव्हते. ते राजकीय भाष्यकार होते, आणि तेही अतिशय जहाल.

१८८८ मध्ये पॅरिसला जन्मलेल्या बर्नानोस यांची तरुणपणापासून ठाम धारणा होती की, फ्रान्समध्ये पुन्हा राजा यायला हवा. 'आक्सिओं फ्रान्सेझ' या राजेशाहीवादी चळवळीत ते सामील झाले. पहिल्या महायुद्धापूर्वी रुआं शहरातील एका राजनिष्ठ साप्ताहिकाचे ते संपादक होते. ही चळवळ धर्माचा वापर राजकारणाचे साधन म्हणून करते, हे ओळखून १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी तिचा निषेध केला. बर्नानोस यांना तो निर्णय जिव्हारी लागला; त्या वेळी ते चळवळीच्याच बाजूने उभे राहिले. पुढे १९३२ मध्ये चळवळीचे नेते शार्ल मोरास यांच्याशी त्यांचे बिनसले, पण राजेशाहीवरची श्रद्धा गेली नाही. एदुआर द्रुमों या ज्यूद्वेष्ट्या लेखकाला तर ते गुरुस्थानी मानत आणि १९३१ मध्ये त्याच्या गौरवार्थ त्यांनी एक पुस्तकही लिहिले. हा त्यांच्या विचारांवरचा डाग आहे. तो झाकून त्यांची गोष्ट सांगणे योग्य होणार नाही.

सहा मुलांचा संसार आणि तुटपुंजी मिळकत. त्यात १९३३ च्या अपघातात पाय कायमचा अधू झाला. स्वस्तात राहता यावे म्हणून १९३४ मध्ये हे कुटुंब स्पेनच्या मायोर्का बेटावर गेले. तेथेच, जुलै १९३६ मध्ये, स्पेनचे यादवी युद्ध त्यांच्या दारात येऊन उभे राहिले.

युद्धाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. स्पेनमधील प्रजासत्ताक सरकारविरुद्ध लष्करी सेनापतींनी बंड केले. बंडखोरांचे नेतृत्व पुढे जनरल फ्रँको यांच्याकडे आले. सरकारच्या बाजूने समाजवादी, साम्यवादी आणि कोणतीही राज्यसत्ता न मानणारे अराज्यवादी लढत होते. त्यांच्या ताब्यातील प्रदेशात चर्चेस जाळली गेली आणि युद्धकाळात ६,८०० हून अधिक बिशप, धर्मगुरू, मठवासी आणि धर्मभगिनींची हत्या झाली. त्यांत तेरा बिशप होते. यांपैकी शेकडो जणांना पुढे ख्रिस्तसभेने रक्तसाक्षी म्हणून धन्यवादित घोषित केले. अशा वेळी कॅथलिक माणसाची सहानुभूती कोणाकडे जाईल, हे सांगायला नको. बर्नानोस यांचीही सुरुवातीला फ्रँकोच्या बाजूलाच सहानुभूती होती. त्यांचा तरुण मुलगा ईव्ह तर फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या 'फालांखे' संघटनेचा गणवेश घालून हिंडत होता.

मायोर्का बेट बंडखोरांच्या ताब्यात होते. तेथे चर्च जाळणारे कोणी नव्हते. तरीही रात्री ट्रक गावागावांत जात. संशयितांना, म्हणजे बऱ्याचदा साध्या शेतकऱ्यांना आणि मजुरांना, घरातून उठवून नेले जाई आणि रस्त्याच्या कडेला किंवा दफनभूमीच्या भिंतीपाशी गोळ्या घातल्या जात. गुन्हा सिद्ध होण्याचा प्रश्नच नव्हता. संशय पुरेसा होता. बर्नानोस यांना त्याहूनही झोंबली ती धर्माधिकाऱ्यांची वागणूक. काहींचे मौन, तर काहींचे आशीर्वाद. पास्काच्या काळात भाविकांनी पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसाद घेतल्याची नोंद करण्यासाठी छापील कागद वाटले गेले, असे त्यांनी लिहिले आहे. गर्दी वाढली, पण ती श्रद्धेने नव्हे, भीतीने. ज्या संस्कारात माणसाने देवासमोर मोकळे व्हायचे, तो जीव वाचवण्याचा दाखला झाला.

गप्प राहणे बर्नानोस यांना सोपे होते. 'ही वेळ नव्हे', 'समोरच्यांनी आपले धर्मगुरू मारले आहेत', 'शत्रूच्या हाती कोलीत कशाला द्यायचे', ही सारी कारणे त्यांच्यापाशी होती. पण १९३७ मध्ये मायोर्का सोडल्यावर त्यांनी जे पाहिले ते लिहून काढले आणि १९३८ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध झाले. आपल्याच धर्माच्या, आपल्याच विचारांच्या माणसांनी जे केले त्याला त्यांनी खून म्हटले. ज्यांनी वर्षानुवर्षे त्यांना डोक्यावर घेतले होते, ते त्यांना गद्दार म्हणू लागले.

दुसऱ्या तीरावरून आलेले पत्र

हे पुस्तक सिमोन वेल यांच्या हाती पडले. १९०९ मध्ये पॅरिसला जन्मलेल्या सिमोन तत्त्वज्ञानाच्या शिक्षिका होत्या. मजुरांचे दुःख पुस्तकातून नव्हे, अंगावर झेलून कळावे म्हणून १९३४-३५ मध्ये त्यांनी कारखान्यात यंत्रावर काम केले. ऑगस्ट १९३६ मध्ये त्या स्पेनला गेल्या आणि आरागोन आघाडीवर दुरुती यांच्या अराज्यवादी तुकडीत सामील झाल्या. दृष्टी अधू असल्याने त्यांचा पाय उकळत्या तेलाच्या भांड्यात पडला. भाजलेल्या अवस्थेत काही आठवड्यांतच त्यांना परतावे लागले. पण तेवढ्या दिवसांत त्यांनी पुष्कळ पाहिले आणि ऐकले.

१९३८ मध्ये त्यांनी बर्नानोस यांना पत्र लिहिले. तुम्ही तुमच्या बाजूचे जे पाहिले, ते मी माझ्या बाजूचे पाहिले, असा त्या पत्राचा आशय आहे. एका धर्मगुरूला गोळी घालण्याची तयारी चालली होती. आपण हे मुकाट्याने पाहायचे की मध्ये पडून स्वतःही मरायचे, हा विचार त्यांच्या मनात चालू असतानाच योगायोगाने ती घटना टळली. एक पंधरा वर्षांचा मुलगा फ्रँकोच्या बाजूने लढताना पकडला गेला होता. त्याच्याजवळ पवित्र मरियेचे पदक सापडले. बाजू बदल, नाहीतर मरणाला तयार हो, असे सांगून त्याला एक दिवसाची मुदत दिली गेली. तो बधला नाही आणि त्याला ठार मारण्यात आले. सिमोन यांना ही गोष्ट नंतर कळली, तरी त्या मुलाचा मृत्यू आपल्या विवेकबुद्धीवर ओझे होऊन बसला आहे, असे त्यांनी लिहिले.

परंतु सर्वांत भयंकर त्यांना वाटले ते वेगळेच. धर्मगुरूंना कसे मारले, हे सोबती जेवताना हसत हसत, मित्रत्वाने सांगत आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणीही किळस दाखवत नसे. एरवी शांत स्वभावाची, आपणहून कोणाला दुखावले नसते अशी माणसेसुद्धा त्या वातावरणात रमत. यातून सिमोन यांनी जो निष्कर्ष काढला, तो आपण कायम लक्षात ठेवावा असा आहे. काही माणसांच्या जिवाला किंमतच नाही, असे एकदा अधिकाराच्या जागेवरून ठरवले गेले की त्यांना मारणे सर्वांना अगदी स्वाभाविक वाटू लागते. निदान मारणाऱ्याकडे पाहून हसावे, त्याला उत्तेजन द्यावे, इतके तरी घडतेच.

पत्राच्या शेवटाकडे त्या जे म्हणतात त्याचा भावार्थ असा: तुम्ही राजेशाहीवादी आहात, द्रुमोंचे शिष्य आहात, त्याचे मला काही नाही, आरागोनमधल्या ज्या सोबत्यांवर मी प्रेम केले, त्यांच्यापेक्षा तुम्ही मला जवळचे वाटता. ज्यू घरात जन्मलेली एक स्त्री हे शब्द ज्यूद्वेष्ट्याच्या चाहत्याला लिहीत होती! बर्नानोस यांनी ते पत्र मरेपर्यंत आपल्या पाकिटात जपून ठेवले होते, असे सांगितले जाते.

समान भूमी कोठे असते?

या ठिकाणी आपण थोडे थांबून विचार करूया. दोन विरोधी पक्षांची माणसे एकत्र यावीत म्हणून आपण सहसा काय करतो? दोघांनाही अर्धे अर्धे सोडायला सांगतो. तू एक पाऊल मागे घे, तो एक पाऊल मागे घेईल. जमिनीचा किंवा पैशाचा वाद मिटवायला ही रीत चांगली आहे. पण सत्याचे असे अर्धे अर्धे वाटप होत नाही. दोन बाजूंनी दोन टोकाच्या गोष्टी सांगितल्या म्हणजे सत्य बरोबर मध्यावर असते, असे मुळीच नाही.

बर्नानोस आणि सिमोन यांनी असा सौदा केला नाही. बर्नानोस राजेशाहीवादीच राहिले. सिमोन कष्टकऱ्यांच्या बाजूच्याच राहिल्या. कोणी कोणाचे मत बदलले नाही. तरी ते एकमेकांना भेटले, कारण प्रत्येकाने आपापल्या बाजूचे पाप आपल्या तोंडाने सांगितले. दोघांची समान भूमी म्हणजे दोन मतांच्या मधली जागा नव्हती. जेथे दोघांनाही मान खाली घालावी लागली, ती जागा म्हणजे त्यांची समान भूमी.

असे का होते, याचेही कारण आहे. न्यायालयात स्वतःच्या फायद्याची साक्ष कोणीही देतो, म्हणून तिचे वजन कमी. पण जो स्वतःच्या हिताविरुद्ध साक्ष देतो, त्याच्या बोलण्यावर विश्वास बसतो. मायोर्कातल्या हत्यांविषयी एखाद्या साम्यवाद्याने लिहिले असते तर तो प्रचार ठरला असता. आरागोनमधल्या धर्मगुरूंच्या हत्यांविषयी एखाद्या कॅथलिकाने लिहिले असते तर तेही अनेकांनी कानाआड केले असते. आपल्या बाजूचे पाप ज्याने सांगायचे त्यानेच सांगितले, तरच ते ऐकले जाते. दुसऱ्याचे पाप मोजायला जगात माणसांची कमी नाही. आपल्या घरचे पाप सांगणारा मात्र घरातलाच लागतो.

संदेष्टा आमोसची रीत अशीच आहे. त्याच्या ग्रंथाच्या आरंभी तो एकेका शेजारी राष्ट्राचे अपराध वाचून दाखवतो: दमास्कस, गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ऐकणारे इस्राएली लोक खूश होऊन माना डोलावत असतील. मग तो यहुदाकडे वळतो. आणि शेवटी बोट थेट ऐकणाऱ्यांकडेच येते: तुम्ही गरिबांना विकता, दुबळ्यांना तुडवता! यादी संपली असे वाटत असतानाच आपले नाव येते. बेथेलच्या याजकाने आमोसला देश सोडून जायला सांगितले, यात नवल नाही. शेजाऱ्यांच्या पापांवरच तो थांबला असता तर बहुधा त्याचा सत्कार झाला असता.

पक्ष आणि विचार

सिमोन यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १९४३ मध्ये, राजकीय पक्षांविषयी एक टिपण लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये छापले गेले. पक्ष समूहाच्या भावना भडकवतो, सदस्यांच्या विचारांवर दबाव आणतो, आणि त्याचे खरे ध्येय शेवटी स्वतःची वाढ हेच होऊन बसते, असे त्यांचे म्हणणे आहे. पक्षात गेलेला मनुष्य 'यात खरे काय?' असे विचारण्याऐवजी 'आमच्या पक्षाचा म्हणून मी काय म्हणायला हवे?' असे विचारू लागतो. त्याच्या आतला दिवा तेथेच विझतो.

पक्षच रद्द करावेत, हा त्यांचा निष्कर्ष आपण मान्य करण्याची गरज नाही. लोकशाहीत लोकांच्या गरजा सत्तेपर्यंत नेण्यासाठी पक्ष लागतात, आणि पक्षात काम करणे ही ख्रिस्ती माणसासाठी चांगली सेवा होऊ शकते. पण त्यांनी सांगितलेला धोका खरा आहे. आणखी एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवायला हवी. ही सवय लावण्यात ख्रिस्तसभेचाही हात आहे, असे सिमोन यांचे म्हणणे होते. विरोधी मताला बहिष्काराची शिक्षा देण्याची रीत पक्षांनी आमच्याकडून उचलली, असे त्यांना वाटे. प्रभू येशूवर त्यांचे निस्सीम प्रेम जडले होते, तरी त्या वर्षानुवर्षे चर्चच्या उंबरठ्यावरच थांबून राहिल्या. त्यांची टीका आपल्याला बोचली तरी ऐकून घेणे बरे.

विशेष म्हणजे या रोगावरचे औषधही ख्रिस्तसभेच्या परंपरेतच आहे. संत थॉमस अक्वायनस यांचा 'सुम्मा' उघडून पाहा. प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी ते स्वतःचे मत मांडत नाहीत. आधी विरोधकांची मते एकेक करून लिहितात, आणि तीही दुबळी करून नव्हे. मग आपले उत्तर देतात आणि शेवटी प्रत्येक आक्षेपाला वेगळे उत्तर देतात. अनेकदा 'यात एवढे खरे आहे' असे कबूलही करतात. ज्याला सत्य हवे असते, त्याला विरोधकाची भीती वाटत नाही; विरोधकाजवळ सत्याचा एखादा कण असला तर तोही त्याला हवा असतो. अॅरिस्टॉटल यांनीही आपले गुरू प्लेटो यांच्या मताचे खंडन करताना म्हटले होते की, मित्र आणि सत्य दोन्ही प्रिय असले तरी मान आधी सत्याला द्यायला हवा.

दोन आक्षेप

येथे कोणी म्हणेल, 'फादर, हे बोलायला ठीक आहे. पण आपण अल्पसंख्य. आपणच आपल्या माणसांची उणीदुणी काढली तर विरोधक त्याचा फायदा घेणार नाहीत का? झाकली मूठ सव्वा लाखाची!' हा आक्षेप हलका नाही. स्पेनमध्ये धर्मगुरू खरोखरच मारले जात होते. भीती काल्पनिक नव्हती. बर्नानोस यांनी लिहिलेल्या गोष्टींचा फ्रँकोच्या शत्रूंनी वापर केला, हेही खरे. पण मूठ झाकलेली राहते ती आपल्यापुरती. ज्यांच्या घरातला माणूस रात्री ट्रकमधून नेला गेला, त्या विधवेला मुठीत काय आहे हे ठाऊक असते. तिच्या दृष्टीने प्रश्न एवढाच उरतो: ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्यांपैकी एकाने तरी माझ्या बाजूने तोंड उघडले का?

त्या काळी तोंड उघडणारे थोडेच होते, पण होते. पोप अकरावे पायस यांनी सप्टेंबर १९३६ मध्ये स्पेनमधून आलेल्या निर्वासितांसमोर बोलताना छळ सोसणाऱ्यांचे सांत्वन केलेच, पण विरोधी बाजूच्या माणसांवरही प्रेम करायला सांगितले. १ जुलै १९३७ रोजी स्पेनच्या बिशपांनी फ्रँकोच्या बाजूने संयुक्त पत्र काढले, तेव्हा तारागोनाचे कार्डिनल विदाल इ बार्राकेर आणि विटोरियाचे बिशप मातेओ मुखिका यांनी त्यावर सही केली नाही. पुढे १९७१ मध्ये स्पेनच्या बिशप आणि धर्मगुरूंच्या संयुक्त सभेत, यादवीच्या काळात आपण समेटाचे सेवक होऊ शकलो नाही याबद्दल क्षमा मागावी, असा ठराव आला. त्याला निम्म्याहून अधिक मते मिळाली, पण आवश्यक ती दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत. तेहतीस वर्षांपूर्वी एका लेखकाने जे एकट्याने लिहिले, ते म्हणायला एका मोठ्या सभेला एवढा काळ लागला, आणि तरीही ते पूर्ण म्हणता आले नाही!

दुसरा आक्षेप याच्या उलट आहे. 'म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच वाईट, आपण कशातच पडू नये, असे का?' तसेही नाही. बर्नानोस यांनी एक पक्ष सोडून दुसरा धरला नाही. काल ज्याच्या गाडीत बसलो त्याला आज शिव्या द्यायच्या, हे पक्षांतर आपण खूप पाहिले आहे; त्यात झेंडा बदलतो, रोग तोच राहतो. आणि बर्नानोस अलिप्तही राहिले नाहीत. १९३८ ते १९४५ ही वर्षे त्यांनी मुख्यतः ब्राझीलमध्ये काढली. हिटलरपुढे गुडघे टेकणाऱ्या फ्रान्समधील राजवटीविरुद्ध ते तेथून सातत्याने लिहीत राहिले. सिमोन वेल १९४२ च्या अखेरीस लंडनला पोहोचल्या आणि जनरल द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रान्सच्या कार्यालयात काम करू लागल्या. ऑगस्ट १९४३ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, इंग्लंडमध्येच त्यांचे निधन झाले. एकेकाळी परस्परविरोधी छावण्यांत असलेली ही दोन माणसे न भेटता, न ठरवता एकाच बाजूला येऊन उभी राहिली. ज्याला आपल्या बाजूचे खोटे ओळखता येते, त्याला वेळ आल्यावर खरी बाजूही ओळखता येते.

आपल्या धर्मग्रामात

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात ही गोष्ट स्पष्ट केली आहे. ऐहिक प्रश्नांवर प्रामाणिक श्रद्धावंतांची मते वेगवेगळी असू शकतात. अशा वेळी ख्रिस्तसभेचा अधिकार फक्त आपल्याच मताच्या पाठीशी आहे, असा दावा कोणीही करू नये. एकमेकांशी प्रेमाने, मोकळेपणाने बोलावे. चूक आणि चूक करणारा मनुष्य यांत फरक करावा, हेही त्याच दस्तऐवजात सांगितले आहे. म्हणून कोणाला मत द्यावे हे या वेदीवरून सांगितले जाणार नाही. पण मत देऊन आल्यावर शेजाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे सांगणे मात्र वेदीचे काम आहे.

प्रभू येशूच्या बारा शिष्यांत मत्तय होता. तो जकातदार, म्हणजे परकीय सत्तेच्या व्यवस्थेत वसुली करणारा. त्याच बारांत शिमोनही होता, ज्याला लूक 'जिलोत' म्हणतो. राष्ट्र आणि धर्म यांविषयी जळजळीत आवेश असणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. दोघांना प्रभूने एकाच पंगतीला बसवले. त्या पंगतीत पहिल्या दिवशी काय बोलणे झाले असेल, हे शुभवर्तमान सांगत नाही. पण शेवटच्या भोजनाच्या वेळी दोघेही तेथे होते. तुमच्यापैकी एक जण मला धरून देणार आहे, असे प्रभूने म्हटले तेव्हा शिष्यांनी एकमेकांकडे बोट दाखवले नाही. प्रत्येकाने दुःखी होऊन 'प्रभो, तो मी आहे का?' असेच विचारले, असे मत्तय लिहितो. पक्षभेदाच्या काळात ख्रिस्ती माणसाचा पहिला प्रश्न हाच असायला हवा.

या आठवड्यात आत्मपरीक्षणासाठी पुढील प्रश्न घरी एकत्र बसून विचारात घ्यावेत:

माझ्या पक्षाने किंवा गटाने केलेली एखादी चूक मी गेल्या वर्षभरात मोठ्याने, आपल्याच माणसांसमोर, बोलून दाखवली आहे का?

विरोधी मताच्या माणसाचे म्हणणे, तो स्वतः 'होय, मला हेच म्हणायचे आहे' असे म्हणेल इतक्या प्रामाणिकपणे मी मांडू शकतो का?

एखाद्या समाजाविषयी किंवा गटाविषयी 'त्यांचे काही झाले तरी बिघडत नाही' अशा सुरात कोणी बोलले, तेव्हा मी हसलो का, गप्प बसलो का, की काही बोललो?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. स्पेनमधल्या त्या जेवणाच्या मेजावर सगळेच काही खुनी नव्हते. बरेच जण फक्त हसत होते.

बर्नानोस ५ जुलै १९४८ रोजी देवाघरी गेले. त्यांच्या सर्व मतांशी सहमत व्हावे असे नाही. त्यांचे काही दोष मोठे होते. पण देवाने ज्या घटकेला त्यांना साक्षीसाठी उभे केले, त्या घटकेला ते आपल्या माणसांच्या भीतीने मागे सरले नाहीत. म्हणूनच पलीकडच्या तीरावरच्या एका व्यक्तीला त्यांच्याकडे हात पुढे करता आला.

हे प्रभो, दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ शोधण्यात आमची दृष्टी खर्ची पडू देऊ नकोस. आमच्या माणसांवर आम्हांला इतके प्रेम दे की त्यांच्याशी खरे बोलण्याचे धैर्य आम्हांला लाभेल. आणि आमच्या विरोधकांवर इतके प्रेम दे की त्यांच्या तोंडून आलेले सत्यही आम्ही तुझेच म्हणून स्वीकारू. आमेन.

आपला,
धर्मगुरू